‘पिक अप’ कुठे, कधी आणि कसं वापरायचं? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याकडे इंग्रजी शिकवताना ज्या एका क्रियापदावर सगळ्यांत जास्त हात वर होतात, ते म्हणजे ‘पिक अप’. ‘पिक’ही येतं, ‘अप’ही येतं, पण दोन्ही शेजारी आले की वर्गात कुजबुज सुरू होते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, बँकेच्या परीक्षेला बसलेल्या मुली, कॉल सेंटरला लागलेला एखादा भाऊ, सगळे फिरून तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, कारण हे क्रियापद कागदापेक्षा तोंडात जास्त असतं. ती मोठ्याने वाचा.

‘पिक अप’चा नेमका अर्थ काय? एकच सांगा, वहीत लिहून घेतो.

एकच सांगायचा तर ‘उचलणे’. पण तेवढाच धरून बसलात तर पुढची निम्मी वाक्यं चुकतील. मोठ्या डिक्शनरीत याचे डझनभराहून जास्त अर्थ दिलेले असतात आणि ते पाठ करण्यात काही हशील नाही. ‘पिक अप’चा अर्थ ठरतो तो त्याच्या सोबत आलेल्या शब्दावरून. पोतं असेल तर उचलणं, पाहुणा असेल तर गाडी घेऊन त्याला आणायला जाणं, भाषा असेल तर कानावर पडून येणं, सर्दी असेल तर लागण होणं, वारा असेल तर जोर धरणं. म्हणून वहीत ‘पिक अप म्हणजे उचलणे’ असं लिहूच नका. ‘पिक अप अ कोल्ड’, ‘पिक अप स्पीड’, ‘पिक अप अ पार्सल’ अशा जोड्या लिहा. परीक्षेतही जोडीच विचारतात आणि बोलतानाही जोडीच आठवते.

आपलं ‘उचलणे’ तरी कुठे सरळ आहे? आपण फोन उचलतो, व्यापारी माल उचलतो, पोलीस एखाद्याला उचलतात, ऊसतोडीला जाणारे मजूर मुकादमाकडून उचल घेतात, एखाद्या गाण्याची चाल कुणीतरी उचलतो. यातल्या पहिल्या तिन्ही ठिकाणी ‘पिक अप’ बसतं. मजुराच्या उचलीला मात्र ‘ॲडव्हान्स’ म्हणतात आणि चाल उचलण्याला ‘कॉपी’ किंवा ‘लिफ्ट’. शब्द मराठीत एक असला म्हणून इंग्रजीतही एकच असेल, असं धरून चालू नका.

फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला ‘अप’सारखा छोटा शब्द जोडून नवा अर्थ काढायचा, ही भानगड मराठीत नाहीच ना? मग आम्हाला जमणार कशी?

हुबेहूब नाही, पण जवळची आहे आणि ती तुम्ही दिवसभर वापरता. ‘काम करून टाकलं’, ‘नको ते करून बसला’, ‘बोलून दाखवलं’ ही वाक्यं बघा. पहिल्यात काही फेकलेलं नाही, दुसऱ्यात कुणी खाली बसलेलं नाही. ‘टाकणे’ आलं की काम एकदाचं संपल्याची भावना येते, ‘बसणे’ आलं की पस्तावा येतो. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

इंग्रजीत हेच काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’ असे छोटे शब्द करतात. ‘अप’ म्हणजे वर हे खरं, पण ‘ईट अप’ म्हटलं की वर काही जात नाही, ताटातलं सगळं संपतं. ‘पिक अप’मधला ‘अप’ बऱ्याच ठिकाणी वर जाण्याच्या मूळ अर्थाशी नातं राखून असतो. पोतं जमिनीवरून वर येतं, वेग वर जातो, मंदीतला बाजार वर येतो. हे नातं दिसलं तर बरं. नाही दिसलं तर ओढून-ताणून लावू नका.

‘पिक’ आणि ‘पिक अप’ यांत फरक काय? आमच्याकडे कापूस वेचतात, त्याला कोणतं?

हा खरा खान्देशी प्रश्न आणि याच्याइतका चांगला प्रश्न मला दुसरा माहीत नाही.

झाडाला लागलेली वस्तू एकेक करून तोडून घेणं म्हणजे ‘पिक’. बोंड फुटलं, मजूर बाया ओटी बांधून सरीत उतरल्या, बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकत चालल्या, हे झालं ‘दे आर पिकिंग कॉटन’. इथे ‘अप’ लावायचं नाही. आता तोच कापूस वेचून झाला, घरात नाहीतर ओसरीवर गंजी लागली आणि व्यापाऱ्याची गाडी तो न्यायला दाराशी आली: ‘द ट्रेडर केम टु पिक अप द कॉटन.’ इथे ‘अप’ हवंच, कारण तयार माल ठरलेल्या ठिकाणाहून नेला जातोय. वेचताना ओटीतून चार बोंडं खाली मातीत पडली आणि वाकून उचलली, तर तेही ‘पिक अप’: ‘शी पिक्ड अप द कॉटन फ्रॉम द ग्राउंड.’

म्हणजे झाडावरून घेतलं तर ‘पिक’, जमिनीवरून उचललं किंवा तयार ठेवलेलं नेलं तर ‘पिक अप’. आंबे, लिंबं, मिरच्या, भेंडी सगळ्यांना हेच लागू. केळीचं मात्र वेगळं. रावेर-यावलकडे केळीचा अख्खा घड कापतात, एकेक केळं तोडत नाहीत, म्हणून तिथे ‘कट द बंचेस’ किंवा सरळ ‘हार्वेस्ट’ म्हणा.

‘पिक’चा आणखी एक अर्थ निवडणे. ‘पिक अ नंबर’ म्हणजे कोणताही एक आकडा निवड. ‘पिक अप अ नंबर’ असं म्हणालात तर समोरचा जमिनीवर बघेल. त्याच घरातली बाकीची मंडळीही ओळखून ठेवा. ‘पिक आउट’ म्हणजे गर्दीतून नेमकं हेरणं, ‘पिक ऑन’ म्हणजे एकाच माणसाच्या मागे लागणं, त्याला उगाच त्रास देणं, आणि ‘पिक ॲट’ म्हणजे भूक नसल्यासारखं ताटातलं नुसतं चिवडत बसणं.

‘आय विल पिक यू फ्रॉम स्टेशन’ बरोबर आहे का? सगळे असंच म्हणतात.

सगळे म्हणतात, तरी चूक. ‘आय विल पिक यू’ म्हणजे ‘मी तुझी निवड करीन’, क्रिकेटची टीम निवडतात तसं. बरोबर वाक्य: ‘आय विल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन.’ ‘ॲट द स्टेशन’ही चालेल. भारतात ‘पिक अँड ड्रॉप’ इतकं रुळलंय की ‘अप’ गळून पडलं तरी कुणाला खटकत नाही. बाहेरच्या माणसाला खटकतं.

आणखी एक बारकावा. ‘पिक अप’मध्ये सहसा वाहन गृहीत असतं. बहीण नागपूरहून येतेय, तुम्ही मोटारसायकल घेऊन भुसावळ जंक्शनवर गेलात, तर ‘पिक हर अप’. गाडी नाही, नुसते प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिलात आणि मग दोघं रिक्षाने घरी आलात, तर ‘मीट हर ॲट द स्टेशन’ जास्त योग्य. ‘रिसीव्ह’ चुकीचं नाही, पण ते हार-तुरे घेऊन पाहुण्यांचं स्वागत करायला गेल्यासारखं वाटतं. घरच्या माणसाला कशाला रिसीव्ह करायचं?

उलट क्रिया ‘ड्रॉप ऑफ’: ‘ही ड्रॉप्ड मी ऑफ ॲट द बस स्टँड.’ निरोप द्यायला जाणं मात्र ‘सी ऑफ’. बस वाटेत प्रवासी घेते तेही ‘पिक अप’च: ‘द बस पिक्स अप पॅसेंजर्स ॲट पारोळा.’

‘पिक अप इट’ का चुकतं? ‘पिक अप द बॅग’ तर बरोबर आहे.

परीक्षेत सर्वांत जास्त मार्क इथेच जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’, दोन्ही बरोबर. सर्वनाम असेल तर जागा एकच, मधली: ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’, ‘पिक मी अप’. ‘पिक अप इट’ आणि ‘पिक अप मी’ हे कधीच होत नाही.

कारण कानाशी आहे. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी नवी, महत्त्वाची गोष्ट येते आणि तिच्यावर जोर पडतो. ‘इट’ म्हणजे आधीच बोलून झालेली, दोघांना माहीत असलेली वस्तू. तिच्यावर जोर टाकायचं कारण नाही, म्हणून ती मधे दडपली जाते आणि जोर ‘अप’ला मिळतो. बोलताना हे तीन शब्द राहतच नाहीत, ‘पिकिटप’ असा एकच शब्द होतो. चार-पाच वेळा म्हणून बघा. मग ‘पिक अप इट’ म्हणायला जीभच वळणार नाही.

नाम लांबलचक असेल तर त्याला शेवटी ठेवा. ‘पिक अप द बॅग दॅट माय अंकल लेफ्ट ॲट द चोपडा बस स्टँड’ हे ठीक. ‘अप’ला एवढ्या लांब ओढून वाक्याच्या टोकाला नेऊन ठेवलं, तर तो तिथे पोहोचेपर्यंत ऐकणारा ‘पिक’ विसरलेला असतो.

ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत असा फ्रेजल व्हर्ब दाखवताना मधे दोन्हीकडे टोक असलेला बाण छापतात. तो बाण दिसला की समजा, नाम इकडेही चालतं आणि तिकडेही. बाण नसेल तर जागा हलवू नका. ‘लुक आफ्टर’ला तो बाण नाही, म्हणून तिथे ‘लुक आफ्टर हिम’च.

‘आय पिक्ड अप इंग्लिश’ म्हटलं तर क्लास लावून शिकलो असा अर्थ होतो का?

नेमका उलटा होतो. पुस्तक न उघडता, माणसांत राहून, कानावर पडून आलं, त्याला ‘पिक अप’. समजा पुण्याचा एक बँक अधिकारी बदली होऊन अमळनेरला आला. पहिल्या महिन्यात ‘काय करी ऱ्हायना?’ (काय करतोयस?) ऐकून तो गोंधळतो. मग चहाच्या टपरीवर, काउंटरवर, घरमालकाच्या ओसरीवर तेच कानावर पडत राहतं आणि एके दिवशी तोच ग्राहकाला ‘काय म्हनी ऱ्हायनात जिभाऊ?’ करतो. ‘ही पिक्ड अप अहिराणी इन अमळनेर.’ याच माणसाने व्याकरणाचं पुस्तक आणून, तक्ते पाठ करून अहिराणी शिकली असती तर ‘ही लर्न्ड अहिराणी’ म्हटलं असतं.

म्हणून ‘आय पिक्ड अप द होल एमपीएससी सिलॅबस’ हे वाक्य विनोदी होतं. अभ्यासक्रम असा वाऱ्यावरून कुणाला येत नाही. थोडंफार, तुकड्या-तुकड्याने आलेलं असेल तर मात्र छान बसतं: ‘आय पिक्ड अप अ फ्यू वर्ड्ज ऑफ गुजराती इन सुरत.’ नंदुरबार-नवापूरकडच्या ज्या पोरांनी सुरतेत काम केलंय, त्यांच्यासाठी हे वाक्य शिवून ठेवल्यासारखं आहे.

सवयी आणि हेल यांनाही हेच क्रियापद. ‘ही पिक्ड अप द हॅबिट ऑफ च्यूइंग टोबॅको फ्रॉम हिज फ्रेंड्स.’ सवय बहुधा वाईटच असते, पण चांगलीही चालते. हेल म्हणजे ‘ॲक्सेंट’: यावलची मुलगी लग्न होऊन शिरपूरला गेली आणि दोन वर्षांत तिची लेवा बोली जाऊन अहिराणी वळण आलं, तर ‘शी हॅज पिक्ड अप द लोकल ॲक्सेंट.’ माहेरी आल्यावर आईने नाक मुरडलं तर त्याला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे. ते पुन्हा कधीतरी.

‘बिझनेस हॅज पिक्ड अप’मध्ये कुणी काय उचललं?

कुणीच काही नाही. इथे कर्म नसतंच. धंदा मंदा होता, आता सुधारला, एवढाच अर्थ. आपण म्हणतो ना, ‘केळीला उठाव आला’? त्याला इंग्रजीत हेच. श्रावण, नवरात्र किंवा रमजान जवळ आला की फळबाजार हलतो: ‘द डिमांड फॉर बनानाज पिक्स अप.’ या वाक्याचं पॅसिव्ह करता येत नाही. ‘द डिमांड वॉज पिक्ड अप’ लिहिलंत तर शून्य, कारण कर्मच नाही तर फिरवणार काय?

याच प्रकारात वारा येतो. ‘द विंड पिक्ड अप इन द इव्हिनिंग’ म्हणजे संध्याकाळी वाऱ्याने जोर धरला. मे-जूनमध्ये हे वाक्य केळीवाल्या शेतकऱ्यासमोर उच्चारू नका. घड लागलेलं झाड वादळात उभं आडवं होतं आणि वर्षभराची मेहनत जमिनीवर येते. त्याला त्या वेळी व्याकरणात रस नसतो.

पावसासाठी ‘पिक्ड अप’ ऐकायला मिळतं, पण ‘द रेन गॉट हेवियर’ जास्त सरळ. तब्येतीसाठीही चालतं: आजारी माणूस सुधारतोय, तर ‘हिज हेल्थ इज पिकिंग अप.’ वेगासाठी दोन्ही पद्धती आहेत. ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड आफ्टर जळगाव’ यात ‘स्पीड’ कर्म आहे, ‘द पेस पिक्ड अप’ यात नाही.

‘गाडीला पिकअप नाही’ हे मराठी झालं. इंग्रजीत असंच म्हणायचं?

‘धिस बाइक हॅज नो पिकअप’ भारतात सगळ्यांना कळतं. ब्रिटनमध्ये ‘पूअर ॲक्सिलरेशन’ म्हणतील. गॅरेजमध्ये मात्र बिनधास्त पिकअपच म्हणा. ॲक्सिलरेशन म्हणालात तर बिल वाढायची शक्यता आहे.

आणि बोलेरो पिकअप? तो हाच शब्द?

हाच, फक्त नाम झालेला. नाम म्हणून लिहिताना मधे जागा सोडत नाहीत, क्रियापद म्हणून लिहिताना सोडतात. उच्चारातही फरक आहे. गाडीचं नाव घेताना जोर ‘पिक’वर पडतो, क्रियापद म्हणताना ‘अप’वर. ‘वुई विल पिक अप द क्रेट्स इन अ पिकअप’ हे वाक्य म्हणून बघा, फरक जिभेला कळेल.

एक सावधगिरी. महिंद्राच्या बोलेरोच्या या मॉडेलचं नाव गाडीवर लिहिलेलं असतं, त्यात ‘सी’ अक्षर नाही. ते कंपनीने ठेवलेलं नाव आहे. रोज रस्त्यावर बघून तेच स्पेलिंग डोळ्यांत बसतं आणि पेपरात उतरतं. पेपरात ‘सी’ आणि ‘के’ दोन्ही हवेत.

‘ही इज नॉट लिफ्टिंग माय फोन’ मी रोज म्हणतो. चूक आहे?

हो. ‘फोन उचलत नाही’चं ते शब्दशः रूप. ‘लिफ्ट’ म्हणजे जड वस्तू वर उचलणं, आणि ‘लिफ्टिंग माय फोन’ म्हणजे तर तुमचा फोन चोरतोय असंही ऐकू येऊ शकतं. म्हणा ‘ही इजन्ट पिकिंग अप’. एवढंच पुरतं, मागे ‘फोन’ जोडायचीही गरज नाही. ‘ही इजन्ट आन्सरिंग’ही चांगलं. ‘नॉट पिकिंग माय कॉल’ मात्र नको, तिथे पुन्हा ‘अप’ गळालं.

फोन ठेवण्याला ‘हँग अप’. इथल्या ‘अप’मध्ये वर जाण्याचं काय, असं कुणी विचारलं तर सांगा, पूर्वी भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर खरोखर वर टांगावा लागायचा.

पेपरात येतं, ‘पिक्ड अप बाय द पुलीस’. म्हणजे अटक झाली का?

झालीच असं नाही. पोलिसांनी ताब्यात घेतलं, गाडीत बसवून नेलं, एवढंच हे वाक्य सांगतं. पुढे चौकशी करून सोडलं असेल किंवा अटक दाखवली असेल. ‘पिक्ड अप फॉर क्वेश्चनिंग’ म्हणजे चौकशीसाठी नेलं. कायद्याच्या अर्थाने अटक म्हणायची असेल तर ‘अरेस्टेड’ लिहा. मराठीतही ‘उचललं’ आणि ‘अटक केली’ यांत हाच फरक आपण करतो. बातमीचं भाषांतर करायला आलं तर दोन्ही एकच समजून टाकू नका. त्यात एखाद्याची अब्रू असते.

‘आय पिक्ड अप डायबेटिस’ चालेल?

नाही. दुसऱ्याकडून किंवा बाहेरून लागलेला, सहसा किरकोळ आजार असेल तरच: ‘पिक अप अ कोल्ड’, ‘पिक अप अ बग’, ‘पिक अप ॲन इन्फेक्शन’. ‘बग’ म्हणजे इथे किडा नव्हे, पोट बिघडवणारा किंवा ताप आणणारा जंतू. यात्रेतून आल्यावर पोट बिघडलं तर ‘आय मस्ट हॅव पिक्ड अप अ बग ॲट द फेअर.’

येता येता काहीतरी घेऊन ये, हे कसं सांगू?

‘पिक अप सम मिल्क ऑन युअर वे होम.’ मुद्दाम बाजारात जाऊन नाही, वाटेवर थांबून पटकन घेणं. विकत घेणं यात आलंच, ‘बाय’ वेगळं म्हणायची गरज नाही. ‘पिक अप टू किलोज ऑफ ब्रिंजल्स, वी आर मेकिंग भरीत टुनाइट.’ जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी क्रियापद हेच, मान म्हणून वेगळं काही मिळालेलं नाही. सोनं घ्यायला जळगावच्या सराफ बाजारात गेलात तर मात्र ‘पिक अप’ म्हणू नका. ती वाटेवरची खरेदी नसते. आधीच बनवायला टाकलेली पोत तयार झाली आणि आणायला गेलात, तर पुन्हा ‘पिक अप’.

हॉटेलात बिल ‘पिक अप’ करणं म्हणजे बिल उचलून बघणं?

बघून परत ठेवलंत तर मित्र माफ करणार नाहीत. ‘ही पिक्ड अप द बिल’ म्हणजे सगळ्यांचे पैसे त्याने दिले. अमेरिकेत ‘बिल’च्या जागी ‘टॅब’ म्हणतात. शेवभाजीच्या ढाब्यावर सहा जण जेवले आणि एका अण्णाने सगळ्यांचे भरले, तर हेच वाक्य. फक्त स्वतःच्या ताटाचे दिले असतील तर साधं ‘पेड’. सरकारी खर्चालाही वापरतात: ‘द गव्हर्नमेंट विल पिक अप द बिल.’

‘पिक अप ऑन’ हे वेगळं आहे का?

वेगळं आहे, आणि दोन प्रकारचं. कुणी न बोललेली गोष्ट ताडली, बारीक खूण ओळखली, तर ‘पिक अप ऑन’: ‘शी पिक्ड अप ऑन हिज नर्व्हसनेस.’ मुलाखतीत बोर्डाला तुमची घाबरगुंडी कळते ती अशी.

दुसरा प्रकार बहुधा ब्रिटिश बोलण्यात येतो, त्यात माणूस मधे येतो: ‘द टीचर पिक्ड मी अप ऑन माय स्पेलिंग.’ म्हणजे सरांनी माझी स्पेलिंगची चूक धरली, मला टोकलं. वरवर सारखे दिसतात, पण एकात खूण ओळखली जाते, दुसऱ्यात माणूस धरला जातो.

मुलीबद्दल ‘आय पिक्ड हर अप’ म्हणू नये असं कुणीतरी सांगितलं. खरं का?

अर्धं खरं. पुढे जागा कोणती येते त्यावर आहे. ‘आय पिक्ड माय सिस्टर अप फ्रॉम कॉलेज’ यात काहीही वावगं नाही. पण अनोळखी मुलगी, पार्टी किंवा बार, आणि मागे-पुढे काही नाही, असं असेल तर ‘पिक्ड हर अप’चा अर्थ ओळख काढून पटवली असा होतो. ‘पिकअप लाइन’ हा शब्द त्यातूनच आला. ऑफिसात सहकारी बाईंना घरून गाडीत घेता, हे सांगायचं असेल तर जागा आणि कारण जोडा: ‘आय पिक हर अप फ्रॉम होम ऑन द वे टु वर्क.’ संशयाला जागा राहत नाही.

‘पिक्ड’चा उच्चार ‘पिकेड’ की ‘पिक्ड’?

खरं तर ‘पिक्ट’. ‘क’नंतर आलेलं ते शेवटचं ‘ईडी’ ‘ट’सारखं वाजतं. पुढे ‘अप’ आलं की ‘पिक्टप’. इथे लिहिताना ‘पिक्ड’ लिहिलंय, कारण डोळ्यांना तेच ओळखीचं आहे. ‘पिकेड’ मात्र कुठेच नाही.

रेल्वेत सिग्नलवाले ‘रिले पिकअप झाला’ म्हणतात. ते कोणत्या अर्थाने?

भुसावळकरांचा हक्काचा प्रश्न. रिलेच्या कॉइलमधून वीज गेली की आतला लोखंडी तुकडा ओढला जातो आणि संपर्क जुळतो. त्याला ‘पिक अप’ म्हणतात. वीज बंद झाली की तो सुटतो, त्याला ‘ड्रॉप’. हा धंद्यातला अर्थ झाला, सामान्य परीक्षेत येत नाही. पण त्याच्या शेजारचा एक अर्थ येतो, तो म्हणजे यंत्राने बारीक आवाज किंवा लहर पकडणं. ‘द माइक पिक्ड अप एव्हरी वर्ड.’ तोरणमाळच्या घाटात मोबाइलला रेंज मिळत नाही, तर ‘माय फोन कान्ट पिक अप अ सिग्नल हिअर.’

नोकरीच्या अर्जात ‘पिक अप’ वापरू का?

शक्यतो नको. हा बोलण्यातला, घरगुती शब्द आहे. अर्जात किंवा सरकारी पत्रात ‘हॉल तिकीट पिक अप करा’च्या जागी ‘कलेक्ट’, विक्री ‘पिक अप’ झालीच्या जागी ‘इम्प्रूव्ह्ड’, कौशल्य ‘पिक अप’ केलंच्या जागी ‘अक्वायर्ड’ किंवा ‘लर्न्ड’. मुलाखतीत तोंडी बोलताना मात्र ‘आय पिक्ड अप टॅली ऑन द जॉब’ हे वाक्य उलट चांगलं वाटतं. कोर्स न करता कामावर शिकलात, हे त्यात आपोआप येतं.

अमेरिकन मालिकेत आई मुलाला म्हणते, ‘पिक अप युअर रूम’. खोली कशी उचलणार?

तिथे अर्थ आहे पसारा आवर. अमेरिकेतच चालतं. इंग्लंडची आई ‘टायडी अप’ म्हणेल. ‘आय ॲम टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू’ म्हणजे तुझा पसारा आवरून-आवरून मी कंटाळले. हे वाक्य कुठल्याही देशातल्या आईला शिकवावं लागत नाही.

‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’ याचा अर्थ?

जिथे थांबलो होतो तिथून पुढे सुरू करू. सरांनी तास अर्ध्यावर सोडला, दुसऱ्या दिवशी वर्गात आल्यावर हे म्हणतील. यात ‘लेफ्ट’ म्हणजे डावीकडे नव्हे, ‘लीव्ह’चा भूतकाळ.

‘पिक-मी-अप’ हे काय?

मरगळ घालवणारं पेय किंवा खाणं. नाम आहे, मधे दोन छोट्या रेघा देऊन लिहितात. दुपारी तीनच्या उन्हात वर्ग पेंगायला लागला की मी टपरीवरून कडक चहा मागवतो. तो माझा ‘पिक-मी-अप’. पोरांना मिळत नाही.